व्याख्या शेवटी

हे पुस्तक तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी आहे, पण ही प्रस्तावना त्यांच्यासाठी नाही. त्यांनी ही पानं सरळ उलटावीत आणि चित्रांकडे जावं. प्रस्तावना लिहिली आहे ती वर्गात शिकवणाऱ्या सर-मॅडमसाठी, आणि संध्याकाळी शेतातून आल्यावर "आज शाळेत काय झालं रे?" एवढं तरी विचारणाऱ्या घरच्या माणसांसाठी.

प्राथमिक विज्ञानाची पुस्तकं बहुधा कुठल्याच गावासाठी लिहिलेली नसतात. त्यांतला पाऊस सरासरी असतो, माती 'सुपीक' असते आणि नदी बारा महिने वाहते. आम्ही डोळ्यांसमोर एकच गाव ठेवलं : हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातलं साखरा. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. काळी माती, सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस आणि आता सगळ्यांच्या तोंडी असलेली हळद. साखऱ्याच्या पोराला घरात, शिवारात किंवा किराणा दुकानात जे मिळतं त्यातूनच प्रयोग व्हावा, अशी अट आम्ही स्वतःला घालून घेतली. त्या अटीने अडचण झाली असं वाटत नाही. उलट अनेक धडे त्यामुळेच सुचले.

आपल्याकडे तिसरी ते पाचवीपर्यंत विज्ञान वेगळा विषय म्हणून येत नाही, ते 'परिसर अभ्यासा'त मिसळलेलं असतं. 'सामान्य विज्ञान' हे पुस्तक सहावीत हातात पडतं. ही रचना मला योग्य वाटते. नऊ वर्षांच्या मुलाला भौतिक आणि रसायन असे कप्पे कशाला हवेत? पण व्यवहारात होतं असं की परिसर अभ्यासाच्या तासाला परिसर राहतो खिडकीबाहेर आणि फळ्यावर उतरते व्याख्या. 'पाण्याची वाफ होण्याच्या क्रियेस बाष्पीभवन म्हणतात.' मुलं ती लिहून घेतात, पाठ करतात, परीक्षेत मार्क मिळवतात. त्याच मुलाला ओल्या फरशीवरचं पाणी कुठे गेलं असं विचारलं तर तो बिनधास्त सांगतो, "मुरलं की फरशीत." दोन्ही उत्तरं त्याच्या डोक्यात शेजारी शेजारी सुखाने नांदत असतात. एक शाळेचं, एक खरं वाटणारं.

या पुस्तकाचं सगळं म्हणणं एवढंच आहे : मुलाला आधीच जे वाटतं ते ऐकून घ्यावं, ते कपाळावर आठी न आणता तपासून बघावं, आणि व्याख्या सगळ्यात शेवटी द्यावी.

गार पाण्याच्या गिलासाचं उदाहरण घेऊ. पावसाळ्यात स्टीलच्या गिलासात बर्फाचं पाणी भरून टेबलावर ठेवा. थोड्या वेळात गिलास बाहेरून ओला होतो. वर्गाला विचारा, हे पाणी आलं कुठून? बहुतेक मुलं म्हणतील, "सर, गिलास पाझरायलंय." हसू नका. ज्या घरात माठ आहे त्या घरातल्या मुलाचं हे उत्तर अगदी शहाणपणाचं आहे. माठ पाझरतो हे त्याने रोज बघितलंय, माठाच्या बुडाखालची वाळू ओली होते हेही त्याला ठाऊक आहे. एका भांड्याचा अनुभव त्याने दुसऱ्या भांड्याला लावला. शास्त्रज्ञही असंच करतात. फरक इतकाच की शास्त्रज्ञ तिथे थांबत नाही.

मग थांबू नये. गिलासातल्या पाण्यात कुंकू किंवा चहाचं पाणी मिसळा. बाहेरचे थेंब पांढऱ्या कागदाने टिपा. कागदावर रंग येत नाही. आता बरेच शिक्षक 'झालं सिद्ध' म्हणून पुढे जातील. पण वर्गात एखादी हुशार पोरगी असतेच, जी म्हणेल की रंग आतच अडकला आणि पाणी तेवढं बाहेर आलं, आई चहा गाळते तसं. तिचा आक्षेप बरोबर आहे आणि रंगाच्या प्रयोगाने तो खोडून निघत नाही. तिच्यासाठी दुसरा प्रयोग करावा लागतो. रिकामा गिलास बर्फात पुरून गार करा, बाहेर काढा, आतून-बाहेरून कोरडा पुसा आणि ठेवून द्या. त्यात पाण्याचा थेंब नसताना तो ओला होतो, आणि आतूनही होतो. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा तासाभरासाठी मिळाला तर आणखी चांगलं. बर्फाच्या पाण्याचा झाकण लावलेला गिलास काट्यावर ठेवला तर त्याचं वजन वाढतं. पाझरणाऱ्या भांड्याचं वजन वाढेल कसं? आता पाणी हवेतूनच आलं असलं पाहिजे, या जागी मुलं स्वतः येऊन पोचतात. ही जागा आली की 'हवेत न दिसणारं पाणी वाफेच्या रूपात असतं, ते गार पृष्ठभागावर पुन्हा पाणी होतं, याला संघनन म्हणतात' हे वाक्य फळ्यावर लिहायला हरकत नाही. तोवर ते वाक्य अडगळ आहे.

हाच प्रयोग एप्रिलमध्ये केलात तर गिलास फारसा घामेजणार नाही, कारण तेव्हा मराठवाड्याची हवा कोरडीठाक असते. आणि त्याच कोरड्या हवेत माठ झकास काम करतो. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी पृष्ठभागावर येतं, त्याची वाफ होते, वाफ होताना लागणारी उष्णता ते आतल्या पाण्याकडून घेतं आणि पाणी गार पडतं. जुलैत दमट हवेमुळे वाफ व्हायचं प्रमाण घटतं, म्हणून माठ असून नसल्यासारखा. गिलास आणि माठ यांच्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आम्ही मुद्दाम वर्षाच्या दोन टोकांना ठेवल्यात. मार्च-एप्रिलात माठ, जुलै-ऑगस्टात गिलास. पाठ्यपुस्तकात त्या एकाच पानावर, एकाच दिवशी उरकल्या जातात.

हळदीचं प्रकरण या पुस्तकातलं सगळ्यात मोठं आहे, आणि ते तसं असावं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, हिंगोलीत हळदीचा मोठा बाजार भरतो, वसमतला हळद संशोधन केंद्र उभं राहतंय. उन्हाळ्यात हळद शिजवून, वाळवून, ढोलात घालून पॉलिश करण्याचा घाट जिल्ह्यात गावोगाव दिसतो. अशा जिल्ह्यातल्या शाळेने आम्ल-अल्कली शिकवायला लिटमस पेपर येत नाही म्हणून अडून बसावं, हे बघून वाईट वाटतं. लिटमस येतो दगडफुलाच्या जातींपासून. आपल्या घरातली हळद तेच काम बऱ्यापैकी करते.

चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवा, पांढऱ्या कागदाला लावा, सावलीत वाळवा, पट्ट्या कापा. मग मुलांना घरून वस्तू आणायला सांगा. लिंबू, चिंचेचं पाणी, ताक, कपड्याचा साबण, खाण्याचा सोडा, चुलीतल्या राखेचं निवळ, आजोबांच्या पानाच्या डबीतला चुना. पट्टीवर एकेक थेंब टाका. लिंबू, चिंच, ताक यांनी पट्टी पिवळीच राहते. साबणाने तांबूस होते, राखेच्या पाण्याने लाल, चुन्याने तर गडद तांबडी. त्याच तांबड्या डागावर लिंबू पिळलं की पिवळा रंग परत येतो. चुना हाताळताना तो डोळ्यात जाऊ द्यायचा नाही, एवढी एक ताकीद सुरुवातीलाच द्यावी. डोळ्यातला चुना ही गंमत नाही.

वरणाचा डाग पडलेला सदरा आई साबणाने घासते तेव्हा डाग लाल का होतो, आणि खळबळून धुतल्यावर पुन्हा पिवळा का पडतो, हे आता मुलंच तुम्हाला सांगतील. पूर्वी हळदीला क्षार देऊनच कुंकू करत, हे आजी सांगेल. म्हणजे देवघरातल्या कोयरीत दोन शेजारच्या वाट्यांत एकच द्रव्य दोन रंगांत बसलेलं असायचं. हळदीत कुर्क्युमिन नावाचा पदार्थ असतो आणि त्याचा हा गुण आहे. पण कुर्क्युमिन हे नाव चौथीच्या मुलाला न कळल्याने काही बिघडत नाही.

इथपर्यंत सगळं छान चाललं असताना एक खोच येते आणि ती यावी अशी आमची इच्छा आहे. साधं पाणी टाकलं तरी पट्टी पिवळी, लिंबू पिळलं तरी पिवळी. मग लिंबू आणि पाणी यांत फरक कसा ओळखायचा? हळदीला तो ओळखता येत नाही. प्रत्येक साधनाला एक हद्द असते ही गोष्ट मोठमोठ्या प्रयोगशाळांत माणसं आयुष्यभर शिकत असतात, ती इथे पाचवीत शिकून होते. त्या हद्दीच्या पलीकडे जायला जास्वंद उपयोगी पडते. लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात कुस्करल्या की जो रस निघतो तो लिंबाने गडद गुलाबी होतो आणि सोड्याने हिरवट. हळद आणि जास्वंद दोघींना मिळून विचारलं की आंबट, खारं आणि साधं अशा तीन गटांत वस्तू लावता येतात. एवढं झाल्यावर 'आम्ल' आणि 'अल्कली' हे शब्द द्या. मुलं ते विसरणार नाहीत, कारण शब्दाच्या आधी गट तयार आहे.

सावलीचा धडा लिहिताना थोडी करमणूक झाली. 'दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो' हे वाक्य आपण सगळेच बोलतो. साखऱ्यात ते दोन्ही बाजूंनी चुकतं. एक तर बारा वाजता नाही. भारताची घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेली आहेत आणि सेनगाव तालुका आहे सुमारे ७७ अंशांवर. दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपल्याकडची खरी दुपार घड्याळाच्या मागे वीस-बावीस मिनिटं. शिवाय पृथ्वीच्या चालीतल्या फरकामुळे ती वर्षभर पुढेमागे सरकते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा वाजून सहा-सात मिनिटांनी सावली सगळ्यात लहान होते, तर फेब्रुवारीच्या मध्यावर बारा पस्तीसच्याही पुढे. अंगणात काठी रोवून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवला की हे मुलांना स्वतःच दिसतं.

दुसरं म्हणजे डोक्यावर. सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनच दिवस. एकदा मेच्या तिसऱ्या आठवड्यात, तेव्हा शाळेला सुट्टी. दुसऱ्यांदा जुलैच्या उत्तरार्धात, तेव्हा आभाळ भरलेलं. निसर्गाने वेळापत्रक करताना शिक्षण खात्याला विचारलेलं दिसत नाही. पण या दोन तारखांच्या मधल्या काळात एक विलक्षण गोष्ट घडते. एरवी आपली दुपारची सावली उत्तरेला पडते. या दोन महिन्यांत ती दक्षिणेला पडते. जूनमध्ये शाळा उघडल्यावर एखाद्या दिवशी ढगांनी उघडीप दिली तर मीटरभर काठीची भरदुपारची सावली अवघी सहा सेंटिमीटर आणि दक्षिणेकडे झुकलेली मिळेल. दिल्लीच्या मुलाला ती कधीच मिळणार नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. जगातल्या बऱ्याच पुस्तकांत सावली उत्तरेला पडते असं ठोकून दिलेलं असतं, कारण ती पुस्तकं वरच्या अक्षांशांवर लिहिली गेली. साखऱ्याच्या मुलाने त्या पुस्तकावर विश्वास ठेवावा की स्वतःच्या काठीवर? आमचं मत काठीच्या बाजूने आहे.

मातीबद्दल थोडं. उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला पाय अडकेल अशा भेगा पडतात आणि मृगाच्या पावसाने त्या बुजतात. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. हे दाखवायला मातीचा ओला गोळा करून, त्यावर दोन काड्या टोचून, त्यांतलं अंतर रोज मोजलं तरी पुरे. पण मातीचा खरा धडा विहिरीत आहे. गावात कुठे नवी विहीर खोदली जात असेल तर काठावर, सुरक्षित अंतरावर, वर्गाला घेऊन जा. वर काळी माती, खाली पांढरट चुनखडीचे खडे, मग मुरूम, मग काळा कातळ. चुनखडीचा खडा घेऊन त्यावर लिंबू पिळा आणि कान लावा, बारीक फसफस ऐकू येते. आणि तो कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेला लाव्हा.

विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी थर्माकोलचा एक तरी ज्वालामुखी असतो. आत सोडा आणि व्हिनेगर, वर लाल रंगाचा फेस, पालकांच्या टाळ्या. तो करणारी मुलं ज्या जमिनीवर उभी असतात ती जमीनच लाव्ह्याची आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आणि दख्खनचा हा लाव्हा मुख्यतः शंकूच्या टोकातून उसळलेला नव्हता, तो जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून बाहेर आला. थर्माकोलचा सुळका जपानला शोभतो, सेनगावला नाही. बाजारातून विकत आणलेल्या अशा प्रतिकृतींना बक्षिसं देणं बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

'झाडं मुळांवाटे मातीतून अन्न घेतात' हे वाक्य मोठी माणसंही बिनदिक्कत बोलतात. फ्लँडर्समधल्या व्हॅन हेल्मॉन्टने दोनशे पौंड कोरडी माती मोजून कुंडीत भरली, विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड दीडशे पौंडांहून जास्त वाढलं, माती घटली अवघी दोन औंस. त्याचा हा वृत्तांत १६४८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापला गेला. झाड पाण्यातून झालं असा निष्कर्ष त्याने काढला तो अर्धवट होता, हवेचा वाटा त्याला कळला नाही. पण प्रयोग मात्र आजही कुठल्याही वर्गात सांगण्यासारखा आहे. हवेचा वाटा दाखवायला आम्ही सोयाबीन घेतलं. ऑगस्टमध्ये एखादं रोप मुळासकट अलगद उपटा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी निघाली तर ती कामाला लागलेली आहे. त्या गाठीत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला वापरता येईल अशा रूपात आणून देतात. पेरणीच्या आधी बाबा बियाण्याला चोळतात ते जिवाणू संवर्धकाचं पाकीट यासाठीच असतं. हा धडा वर्गात शिकवून झाल्यावर मुलं घरी जाऊन बाबांना काहीतरी सांगतील, आणि बाबांनाही ते उपयोगी वाटेल. शाळेतून घरी जाणारी अशी माहिती दुर्मीळ आहे.

आता एक नाजूक विषय. वीज पायाळू माणसावर पडते, ग्रहणात गरोदर बाईने चिरू-कापू नये, साप डूख धरतो, या समजुती घेऊन मुलं वर्गात येतात. त्यांची टिंगल केली की मूल गप्प होतं आणि घरी जाऊन आजीवर विश्वास ठेवतं, कारण आजी टिंगल करत नाही. आम्ही पायाळूपणाबद्दल वाद घातलेला नाही. विजेबद्दलच जास्तीत जास्त सांगितलं आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. आकडा कमी कमी होत असेल तर वीज जवळ येते आहे. एकट्या झाडाखाली थांबू नये, मोकळ्या रानात उभं राहू नये, पक्क्या घरात जावं. मराठवाड्यात दर पावसाळ्यात विजेने माणसं आणि जनावरं मरतात, आणि ती बहुधा रानात, झाडाखाली, काम करताना. हे मुलाने स्वतः पाहिलं-ऐकलं असतं. मरणारा पायाळू होता की झाडाखाली होता, हा प्रश्न त्याच्या मनात आपोआप उभा राहतो. तो तिथे उभा राहू द्यावा, उत्तराची घाई करू नये.

भूकंपाचा धडा आमच्या आराखड्यात नव्हता. २१ मार्च २०२४ च्या सकाळी सहाच्या सुमारास, दहा-बारा मिनिटांच्या अंतराने, हिंगोली जिल्ह्यात दोन धक्के बसले. पहिला ४.५ तीव्रतेचा. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा ४.५. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून गूढ आवाज येतात हे लोक त्याआधीपासून सांगत होते. मुलांच्या डोक्यात यानंतर जमीन का हलली याखेरीज दुसरा प्रश्न नसतो, आणि त्या प्रश्नाला वळसा घालून आपण त्यांना फुलाचे भाग शिकवत बसणं बरं दिसत नाही. जमिनीखालचे खडक ताणाखाली असतात, ते एखाद्या कमजोर जागी सरकतात, तो हादरा लाटेसारखा पसरतो. भूकंप कधी येणार हे आधी सांगता येत नाही, आणि सांगतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही. आपल्याकडे पत्र्याचं छत वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवतात. धक्क्यानंतर प्रशासनाने ते काढायला सांगितलं होतं. ते दगड का काढायचे, हे दहा वर्षांच्या मुलाला पटलं तर तो घरातल्या मोठ्यांच्या मागे लागून ते काढायला लावतो. मोठ्यांना नोटीस वाचायला वेळ नसतो.

याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याच्या परिसरात, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला अंतिम मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या, एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन नळ्या, आणि त्यांतून धावणारा लेसरचा प्रकाश. दूर अंतराळात दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की अवकाशात ज्या लहरी उठतात त्यांनी त्या चार किलोमीटरच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडतो. तो मोजायचा. अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी तो पहिल्यांदा मोजला आणि त्या कामाला २०१७ चं नोबेल मिळालं.

लायगोवर या पुस्तकात मोठा धडा असावा असा आग्रह काही मित्रांनी धरला होता. मी तो मानला नाही. गुरुत्वीय लहरी चौथीच्या मुलाला शिकवण्याचा आव आणण्यात अर्थ नाही. मूल 'कृष्णविवर' हा शब्द पाठ करेल, पाहुण्यांसमोर म्हणून दाखवेल, आणि पाहुणे खूश होतील. त्याऐवजी मोजण्याचा धडा वाढवला. वर्गाची लांबी प्रत्येकाने आपल्या पावलांनी मोजायची. कुणाची अठरा पावलं, कुणाची तेवीस. भांडण होतं. भांडणातून सगळ्यांसाठी एक काठी लागते हे निघतं. मग तीच काठी घेऊन तीन गट तीन वेळा मोजतात तरी उत्तरात बोटभर फरक येतोच. तो फरक कुठून आला, कमी कसा करता येईल, एवढंच विचारायचं. दुधाळ्याला जे लोक येतील तेही आयुष्यभर हाच प्रश्न विचारणार आहेत. रस्त्यावरचा ट्रक, वारा, जमिनीचा बारीक कंप, या सगळ्यांनी मोजमापात जो गोंधळ होतो तो बाजूला कसा काढायचा.

अशा प्रकारे शिकवण्याची कल्पना आमची नाही. मायकेल फॅरेडेने १८६०-६१ च्या हिवाळ्यात लंडनच्या मुलांसमोर एका मेणबत्तीवर व्याख्यानमाला दिली होती, मेणबत्तीखेरीज दुसरा विषय नाही. मराठीत 'सृष्टिज्ञान' मासिक १९२८ पासून विज्ञान लिहितंय, मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करतेय. मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ मध्ये सोळा शाळांत सुरू झालेला विज्ञान शिक्षणाचा उपक्रम तीस वर्षं चालला आणि २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. त्याच उपक्रमातून अरविंद गुप्तांना आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची खेळणी सुचली. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी हजारो मुलांच्या हातात ती दिली. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९७४ मध्ये स्थापना झाल्यानंतर लवकरच जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्यात ग्रामीण शाळांत काम केलं. विज्ञान अवघड जातं यात पुस्तकाच्या भाषेचा केवढा मोठा वाटा असतो, याकडे त्या केंद्राने सतत लक्ष वेधलं. एवढं सगळं होऊनही आपल्या वर्गात पहिली येते ती व्याख्याच. याला शिक्षकाला जबाबदार धरणं सोपं आहे, पण अन्यायाचं आहे. दोन शिक्षकांवर चार वर्ग, त्यात मतदार याद्या, ऑनलाइन माहिती भरणं आणि पोषण आहाराचा हिशेब. अशा माणसाला व्याख्या लिहून देणं सगळ्यात स्वस्त पडतं. म्हणून या पुस्तकातल्या एकाही प्रयोगाला एका दिवसात तासाभरापेक्षा जास्त वेळ लागत नाही आणि तयारीची यादी कुठेही लांबवलेली नाही.

धड्यांचा क्रम विषयांचा नसून महिन्यांचा आहे. जूनमध्ये सावली, जुलैत गिलास आणि वीज, ऑगस्टमध्ये सोयाबीनच्या गाठी. दिवाळीनंतर काही मुलं ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांबरोबर गाव सोडतात. त्यांच्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे धडे असे लिहिलेत की फडावर, कोपीत बसूनही करता येतील : चंद्राच्या कला रोज टिपणं, उसाच्या कांड्यांची लांबी मोजणं, चुलीच्या राखेचं निवळ काढणं. परत आल्यावर ती मुलं मागे पडलेली नसतील. चंद्राची वही तर बहुधा त्यांचीच सगळ्यात पूर्ण निघेल, कारण फडावर दिवस उजाडण्याआधी सुरू होतो.

शिक्षकांना एकच विनंती. मुलाने प्रयोगाआधी जो अंदाज सांगितला तो त्याच्याच शब्दांत, त्याच्याच बोलीत, वहीत लिहून घ्या. तांड्यावरचं मूल गोरमाटीत सांगत असेल तर तसाच लिहा. नंतर तो चुकीचा ठरला तरी खोडू नका, त्यावर लाल शाई नको. वर्षाच्या शेवटी ती वही मुलालाच वाचायला द्या. आणि पुस्तकातला एखादा प्रयोग तुमच्या शाळेत वेगळाच निघाला, पट्टी लाल झाली नाही, सावली भलत्याच वेळी लहान झाली, तर मुलांना आमचं उत्तर लिहायला लावू नका. त्यांना काय दिसलं, कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, ते आम्हाला कळवा. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू.